खडकावर माझी खुर्ची

आयुष्यात घेतलेलं सगळ्यात महागडं यंत्र मी राडारोड्यावर बसवलं.

वाघोलीला माझं शेड आहे. गाड्यांच्या गिअरबॉक्सला लागणारे पोलादी भाग आम्ही कातून देतो. बरीच वर्षं हातातल्या मायक्रोमीटरवर भागलं. मग चाकणच्या एका कंपनीचा निरोप आला: परदेशी जाणाऱ्या मालाचं काम आहे, पण माप केसाच्या विसाव्या हिश्शापर्यंत बरोबर हवं. आमचा माणूस येईल, तुमच्याच यंत्रावर तुमचाच नमुना मोजेल. जमलं नाही, तर काम राजकोटला.

म्हणून ते मोजमापाचं यंत्र घेतलं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर सरकणारा हात आणि हाताच्या टोकाला लाल खडा. खडा जिथे टेकेल तिथलं माप पडद्यावर. त्यासाठी काचेची खोली बांधली, एसी लावला आणि खोली बरोबर गेटसमोर घेतली. पाहुण्याला आत शिरताच दिसली पाहिजे ना! यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पायाबद्दल एक अख्खं प्रकरण होतं. मी चित्रं पाहिली.

आमचा तपासणी विभाग म्हणजे एक मॅडम. डिप्लोमा इथल्याच कॉलेजातला, तिरकसपणा थेट पेठेतला. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या.

"सर, एकच भाग पाच वेळा मोजला. उत्तरं पाच आली. आपल्याला त्यातलं कुठलं आवडतं?"

मी आधी त्यांच्या हाताला दोष दिला, मग विजेला, मग यंत्र विकणाऱ्यांना. त्यांचा इंजिनिअर आला आणि त्याने नेमकं जेवणाच्या सुट्टीत मोजलं. सगळं चोख. तो गेला आणि आकडे पुन्हा नाचायला लागले. शेवटी मॅडमनी डब्यातली वाटी पाण्याने भरून यंत्राशेजारी फरशीवर ठेवली. बाहेरून खडीचा डंपर गेला. पाण्यावर गोल गोल लाटा.

"आपल्या मशिनला नगर रोड कळतोय, सर. डंपरवाले जेवायला थांबले की तेवढं शहाणं होतं."

तपासणीला बारा दिवस उरले होते. मी बाणेदारपणे म्हणालो, "अजून काँक्रीट ओता!"

गेटवरचे मामा हे ऐकत उभे होते. मामा मूळचे याच गावचे, जन्म दगडाच्या खाणीत गेला, खाणी बंद झाल्यावर माझ्या गेटवर आले. त्यांनी पहार उचलली आणि काचेच्या खोलीबाहेर फरशीवर आपटली. आवाज आला 'धप'.

"साहेब, हितं खान होती. मीच सुरुंग भरलेत. मागनं शहरातली घरं पाडली, त्याचा राडारोडा आणून बुजवली. काँक्रीट वता न्हायतर शिरा वता, ते दबनारच."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं का?"

नव्हतं विचारलं. प्लॉट घेताना मी त्याच्या सपाटपणावर भाळलो होतो. इथला दगड खडी होऊन अर्ध्या पुण्याच्या स्लॅबमध्ये गेला, जुनं पुणं पाडून त्याच खड्ड्यात परत आलं, आणि मी त्यावर पूजा घालून नारळ फोडला.

मामा पहार आपटत निघाले. धप. धप. धप. मागे मॅडम वाटी घेऊन, त्यांच्यामागे मी. पार कोपऱ्यात माझ्या केबिनमध्ये पहार पडली आणि घंटेसारखा आवाज आला. टण्ण! मॅडमनी वाटी ठेवली. डंपर गेला. पाणी ढिम्म.

तेव्हा मला आठवलं. बांधकामाच्या वेळी या कोपऱ्यात जेसीबीचा दात मोडला होता आणि "इथे कशाला खडक काढलात?" म्हणून मी कंत्राटदारावर ओरडलो होतो. खडक हलेना, म्हणून केबिन एक पायरी उंच झाली. त्या उंचीचं श्रेय मी इतके दिवस माझ्या पदाला देत होतो.

उद्योग कुठे वाढतो आणि का, यावर मी चहा पिता पिता पुष्कळ बोलतो. जमीन हवी, रस्ता हवा, शिकलेली माणसं हवीत, नवं यंत्र हवं. हे सगळं माझ्याच शेडात हजर होतं. मधे फक्त माझं टेबल होतं.

त्याच दुपारी केबिन निघाली. मामांनी दोन जुने सोबती बोलावले आणि तिघांनी छिन्नीने तो काळा कातळ असा तासला, की मॅडमनी लेव्हल ठेवली तर बुडबुडा मधोमध.

"मामा, डिप्लोमा कुठून केलात?" मॅडमनी विचारलं.

"हितनंच," मामांनी पायाखाली बोट दाखवलं.

काचा आणि एसी कोपऱ्यात आले, यंत्र कातळावर बसलं. मॅडमनी तोच भाग दहा वेळा मोजला. दहाही वेळा एकच आकडा! दहाव्या वेळी त्यांनी टाळी वाजवली आणि लेथवरची माणसं यंत्रं थांबवून बघायला आली.

कंपनीचा माणूस आला. नमुना लावला. नेमका तेव्हाच डंपर गेला, खिडक्या थरथरल्या. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. शेवटचा आकडासुद्धा हलला नाही.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला. पुन्हा तेच. त्याने खिशातून पेन काढलं आणि सही केली. राजकोट राहिलं बाजूला! त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले, मामांच्या दोघा सोबत्यांना मुद्दाम बोलावून. आज वाघोलीच्या बुजवलेल्या खाणीवर कातलेला माल समुद्रापार जातो आणि अजून एकही नग परत आलेला नाही.

माझं टेबल आता यंत्राच्या जुन्या जागी आहे, पंख्याखाली. परवा डंपर गेला आणि चहा बशीत सांडला.

"मामा," मी ओरडलो, "इथे फार हादरतं हो!"

गेटवरून मामांनी मान वळवली.

"हादरू द्या की. तुमचं कुटं काय मोजायचंय!"