जयवंताबाईची गोळी

जयवंताबाई माझी थोरली जाऊ. राजूरपासून दोन कोसावर आमचं गाव, अन् एकाच वट्ट्यावर दोघींची दारं. त्या बाईनं जन्मात कुणावर भरवसा ठेवला न्हाई. दुकानदार तेल मोजायला लागला की ही त्याच्या अंगठ्याकडं बघायची. नवऱ्यानं मेंढरं मोजून वाड्यात कोंडली तरी ती पुन्हा मोजायची.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचे मालक, रायभान, माझ्याकडं चहा पिऊन उठले अन् दारातच पडले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. लकवा मारला. वारं लागू नये म्हणून घरच्यांनी खोली बंद केली, कबुतराचं रक्त चोळलं. दवाखान्याचं नाव कुणी काढलं न्हाई, मीबी न्हाई. मलाबी तवा तेच बराबर वाटायचं.

तिसऱ्या दिवशी जयवंताबाई बायकांत बसून म्हणाली, "चहा गोपीचा पेले व्हते."

एवढंच म्हणाली. आमच्याकडं तेवढं पुरतं. गोपिकाबाई करणी करती, असं गावभर झालं. माझ्या हातचं पाणी कुणी पीना. लेकीची ठरत आलेली सोयरीक मोडली, मंग तिला लांब अंबडकडं द्यावी लागली. लई जळले मी त्या बाईवर.

शहाण्णव साली राजूरच्या दवाखान्यातल्या उषाबाई सिस्टर अन् डॉक्टरकी शिकणारी पोरं गावात आली. लकवा झालेली माणसं घरोघर मोजायची अन् बाकीच्यांचं बीपी बघायचं, असं त्यांचं काम. बसायला जागा मागितली, मी माझी ओसरी दिली. गाव दीडशे घरांचं, अन् त्यात नऊ लकवे निघाले. सिस्टरनं मारुतीच्या पारावर सगळ्यांना सांगितलं, "हे वाऱ्यानं न्हाई, करणीनं न्हाई. बीपी वाढतं, वरून मीठ, तंबाखू, मिसरी. त्यानं होतंय."

मला हायसं वाटलं. नऊ घरांतल्या सहा घरांत मी कधी पाय ठेवलेला नव्हता. म्हटलं, सुटले बाई एकदाची.

तर जयवंताबाई मागून म्हणाली, "नऊ? गोपीनं नऊ केले?"

आगीतून उठून फुफाट्यात पडले मी. बायका आठवायला लागल्या, कुणाच्या घरी मी कधी विरजण मागायला गेल्ते, कुणाच्या पोराला उचलून घेतलं व्हतं.

जाताना सिस्टर मला म्हणाली, "तुमच्या जाऊबाईचं बीपी दोनशेच्या वर हाय. गोळ्या दिल्या, तर घेईनात. म्हणतात, तुमच्या ओसरीवरनं आलेली गोळी नको. त्यांना समजवा."

मी घाबरले. माया म्हणून न्हाई, उगं खोटं कशाला बोलू. ती पडली असती तर दहावा लकवा माझ्याच नावावर चढला असता, अन् मंग गावानं मला गावात राहू दिलं नसतं. पण समजवायचं कसं? मी पूर्व म्हटलं की ती पश्चिम म्हणणार.

त्यावरूनच सुचलं. सकाळी वट्ट्यावर उभी राहून मालकांना मोठ्यानं म्हटलं, "अहो, सिस्टरला सांगा, जाऊबाईच्या गोळ्या परत घेऊन जा म्हणावं. त्या खाऊन माणूस लई दिस जगतं म्हणं."

आमचे धुळाजी तोंडाकडं बघतच राह्यले. पलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला.

दुपारी तिनं एक गोळी भाकरीत घालून म्हाताऱ्या मेंढीला चारली. दोन दिवस त्या मेंढीवर नजर ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी माझ्या दारासमोर येऊन जिभेवरची गोळी मला दाखवली, वरून पाणी पेली अन् म्हणाली, "बघ. मरत नसती मी."

मी तोंड पाडलं. पाडावंच लागायचं, रोज. गोळ्या सरल्या की ती स्वतः चालत राजूरच्या दवाखान्यात जायची. एवढी नेमानं गोळी घेणारी बाई सिस्टरनं पाहिली नव्हती.

रायभान दोन वर्षांनी गेले. जयवंताबाईला आता सत्तरी आली, तरी मेंढरामागं हिंडती. मागच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेल्तो, तवा माझ्यासमोरच बायकांना सांगून राह्यली व्हती, "गोपीनं लई केलं माझ्यावर. पण मी तिला पुरून उरले."

परत येताना धुळाजी म्हणाले, "आता तरी खरं सांगून टाक. तुझं नाव तरी साफ होईल."

"सांगितलं तर ती उद्याच गोळी सोडंल."

"मंग तू काय जन्मभर करणीवाली म्हणून राहणार?"

मला रडू आलं. बारा वर्षं त्या बाईची गोळी बघून माझा दिवस सुरू होतो. एखाद्या सकाळी तिला दारात यायला उशीर झाला तर हातातलं काम टाकून मी तिच्या दारात डोकावते, अन् ते काही गावाच्या भीतीनं न्हाई. अन् मी आधी गेले तर ती गोळी कुणाला दाखवून घेईल?

दुसऱ्या दिवशी एकटीच राजूरला गेले, अन् बीपी बघायला सिस्टरपुढं माझा दंड धरला.