बटणमावशीचा तास

बटणांच्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं बटणं निवडली. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, टवका उडालेली तिसरीकडे आणि अर्ध्या छटेनं फिकी पडलेली चौथीकडे. ही अर्धी छटा बाकीच्यांना बोट ठेवून दाखवली तरी दिसत नसे. मग एक दिवस कॅमेऱ्याचा डोळा असलेलं यंत्र आलं.

"मावशी, हे थकत नाही आणि चुकत नाही," मॅनेजर कौतुकानं म्हणाला.

ती अर्धा तास यंत्राशेजारी उभी राहिली. चांगल्या मालाच्या ट्रेमधून तिनं टवक्याचं एक बटण उचललं आणि मॅनेजरच्या हातावर ठेवलं.

"एखादं चालतं हो!"

तिचं एखादं कधीच चाललं नव्हतं. दोनदा मेमो मिळाला होता.

नोकरी गेल्यावर घरी बसवेना म्हणून तिनं जवळच्या बालवाडीत मदतनिसाचं काम धरलं. नवरा बसवरचा निवृत्त कंडक्टर. त्याला हसू आवरेना. "जन्मभर बटणं निवडलीस, आता शेंबडी पोरं निवड."

"तुम्हाला निवडलं तेव्हाच माझी नजर कळली होती सगळ्यांना," ती म्हणाली आणि कामाला निघाली.

पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर चार नळ, भिंतीवर आकडे आणि प्राणी. तिथला कायदा सोपा होता: शिकवते ती बाई, पुसते ती मावशी. ती नाकं, हात आणि फरशी पुसू लागली. पण वर्गाच्या तरुण बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदलीच्या बाईंसाठी केलेला अर्ज वर जाऊन तिथेच रमला, आणि मोठ्या बाईंना दहा रजिस्टरं भरायची होती.

"वस्तू वेगळ्या करायचा तास तेवढा तुम्ही बघा," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोपा असतो. लाल लालमध्ये, गोल गोलमध्ये."

त्यासाठी वरून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा संच आला होता. तो कपाटात कुलूपबंद होता, कारण एक त्रिकोण जरी हरवला तरी उत्तर कोण देणार? मुलं आजवर ठोकळ्यांच्या चित्रावर शिकत होती. मावशीनं घरून पिशवी भरून आणली. कुणाच्या नाकात जाणार नाहीत अशी कोटाची मोठी बटणं, चमचे, डब्यांची झाकणं, किल्ल्या, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक पायमोजा. पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं नाव बटणमावशी पाडलं.

शिस्त मात्र कारखान्याची. चूक म्हणजे चूक, परत कर. महिन्याभरात पोरं इतकी तयार झाली की घरोघरी त्रास सुरू झाला. एक मुलगा ताटातले वाटाणे आणि गाजराचे तुकडे वेगळे केल्याशिवाय घास घेईना. दुसऱ्यानं घरातल्या जुन्या वस्तू एका कोपऱ्यात लावल्या आणि आजीला हाताला धरून तिथे नेऊन बसवलं. आजी तक्रार घेऊन आली. मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली आणि मावशीला कानपिचक्या.

वर्षाच्या मध्यावर एक मुलगी आली. चार वर्षांची, चणीनं एवढीशी, बोलणं त्याहून कमी. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मुलीला सगळे चिमणी म्हणत. चिमणीसमोर वस्तू ठेवल्या तेव्हा तिनं दोन ढीग केले. एकात झाकण, किल्ली, पायमोजा आणि बटण. दुसऱ्यात चमचा आणि चिमटा.

"चुकलं," मावशी म्हणाली. "पिवळं झाकण पिवळ्या चिमट्याजवळ."

चिमणीनं ऐकून घेतलं. मावशीची पाठ वळताच झाकण परत पहिल्या ढिगात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हात इतके ठाम की मावशीला शंका आली. चुकणारा हात कसा अडखळतो, हे तिनं बावीस वर्षं स्वतःच्या आणि इतरांच्या हातांत पाहिलं होतं. हा हात अडखळत नव्हता.

ती फरशीवर तिच्याशेजारी बसली. "हे सगळे एकत्र का गं?"

चिमणी खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांचं कुणीतरी घरी राहिलंय."

मावशीनं झाकणाकडे पाहिलं. डबा घरी होता. कुलूप घरी होतं. दुसरा मोजाही घरीच, पलंगाखाली कुठेतरी. बटणाचा कोट तर नवऱ्याच्या अंगावर होता आणि तो आठवडाभर बटण कुठे गेलं म्हणून विचारत होता. चमच्याचं मात्र कुणीच कुठे राहिलं नव्हतं. कारखान्यातल्या टेबलामागे इतकी वर्षं बसून हा ढीग आपल्याला कधी सुचला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ नवल. त्या दिवसापासून तिनं "चुकलं" म्हणायच्या आधी "का?" विचारायला सुरुवात केली.

पुढच्याच महिन्यात तपासणीस साहेब आले. मोठ्या बाईंनी पढवलेला मुलगा पुढे ढकलला. साहेबांना अशा मुलांची सवय होती. त्यांनी कोपऱ्यातल्या चिमणीकडे बोट केलं. चिमणीनं आपले दोन ढीग लावले.

साहेबांनी फॉर्म पाहिला. "रंग, आकार की उपयोग? यातलं काय आहे हे?"

"नवीन आहे साहेब ती," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या. "अजून तिला कळत नाही."

"तिलाच विचारा ना साहेब," मागून फडकं हातात घेतलेली मावशी म्हणाली. मोठ्या बाईंनी असे डोळे वटारले की एखादीनं फडकं टाकून पळ काढला असता.

साहेबांनी विचारलं. चिमणीनं तेच वाक्य सांगितलं. मग त्यांच्या हातातलं पेन तिनं अलगद काढून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि झाकणाच्या ढिगात ठेवलं. पेनाला टोपण नव्हतं.

साहेबांनी ते तिथेच राहू दिलं. मग त्यांनी मोठ्या बाईंचं पेन मागून घेतलं आणि फॉर्मवर बरंच काही लिहिलं.

तीन महिन्यांनी परिपत्रक आलं. यापुढे दर गुरुवारी अकरा ते साडेअकरा प्रत्येक बालकाने स्वयंस्फूर्तीने किमान एक नवीन वर्गवारी करावी. तिची नोंद चार प्रतींत ठेवावी. सोबत नवा संच होता: डबा नसलेलं झाकण, कुलूप नसलेली किल्ली, जोड नसलेला मोजा, सगळं प्लास्टिकचं. तोही कपाटात गेला. मोठ्या बाईंचा नव्या पद्धतीच्या जनक म्हणून सत्कार झाला. त्यांनी भाषणात "आमच्या सहकारी" असा एकदा उल्लेख केला.

मग सगळ्या बालवाड्यांतल्या बाईंसाठी प्रशिक्षण ठेवलं. यादीत फक्त बाईंची नावं होती, मावशींची नव्हती. बटणमावशीला बोलावलं ते चहा द्यायला. किटली घेऊन ती रांगांमधून फिरत होती. पुढे एक तज्ज्ञ चाळीस जणींना विचारत होते, "या वस्तूंचे गट कसे कराल?" चाळीसही जणींनी रंगानुसार केले.

"चूक," तज्ज्ञ म्हणाले.

"मग बरोबर काय, सर?"

तज्ज्ञांनी कागद पाहून वाचलं, "ह्यांचं कुणीतरी घरी राहिलंय." चाळीस पेनं सरसावली. एकीनं हात वर करून विचारलं, "सर, 'ह्यांचं' की 'यांचं'?"

त्या वर्षी गावभरच्या पोरांनी ते वाक्य पाठ केलं. बोबडं, तालात, एका सुरात. साहेब पुन्हा आले तेव्हा चिमणीच्या वर्गातही अकरा मुलांनी ते ओळीनं म्हणून दाखवलं. साहेब खूश होते. शेवटी त्यांनी चिमणीला बोलावलं.

चिमणी आता चांगली बोलायची. तिनं लाल वस्तू लालमध्ये ठेवल्या, पिवळ्या पिवळ्यात. एकही चूक नाही.

"का गं असं?" साहेबांनी आशेनं विचारलं.

"लाल लाल एकत्र छान दिसतं," चिमणी म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. मावशीनं खोकल्याचं निमित्त करून फडक्यात तोंड खुपसलं. साहेबांनी चिमणीच्या नावापुढे 'सरावाची गरज' असं लिहिलं.

ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, हिच्याकडून ते वाक्य रोज दहा वेळा म्हणून घ्या. नाव घालवलं आपलं."

"घेते हं, बाई," मावशी म्हणाली आणि चिमणीला घेऊन बाहेर आली. नळापाशी बाकीची पोरं ढकलाढकली करत होती.

"मावशी, मी चुकले का?"

"नाही गं. कर बघू हात पुढे. आता साबण लावायचाय."