आमच्या घरात नसलेला देव्हारा

"तुमच्याकडे देव्हारा नाही, मग देव कुठं ठेवता? खिशात?"

सरकारी वकिलांनी मला हे विचारलं आणि कोर्ट हसलं. दाराजवळचे शिपाई हसले. आपला पुकारा व्हायची वाट बघत बसलेली माणसं हसली. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते, बचावाची साक्षीदार म्हणून. समोर आरोपीच्या जागी माझा धाकटा भाऊ सुमेध. तो मान खाली घालून नखं बघत होता.

न्यायाधीश म्हणाले, "पुढे चला."

मी फक्त एवढंच सांगितलं होतं की पंचनाम्यात लिहिलेली जागा आमच्या घरात नाही. पोलिसांचं म्हणणं होतं की देशी कट्टा आमच्या देव्हाऱ्यात, कुलदेवतेच्या टाकांमागे, लाल फडक्यात गुंडाळलेला सापडला. आमच्या घरी टाक नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर घरातले सगळे देव कन्हान नदीत सोडून आले. तेव्हापासून आमच्याकडे देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, खिळ्याला टांगलेली. तिच्यामागे काडेपेटीही राहणार नाही.

पंचनामा आमच्या घरात बसून लिहिलाच नव्हता. कुठल्या तरी जुन्या पंचनाम्यातला मजकूर उचलला आणि नाव तेवढं आमचं टाकलं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, घर म्हटलं की देव्हारा असणारच. आमच्यासारखी घरं त्याने आतून कधी बघितली नसावीत.

खरं घडलं ते असं. निवडणूक तोंडावर होती आणि वस्तीत पोलिसांची झडती सुरू होती. सुमेध कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर होता. डबा घेऊन निघत असताना दारात चार पोलीस आले. त्याने विचारलं, "साहेब, वॉरंट?"

त्यांच्यातला एक म्हणाला, "लय शिकला का बे?"

ते त्याला घेऊन गेले, डबा ओट्यावरच राहिला. संध्याकाळी ठाण्यात कळलं की आमच्या घरात कट्टा सापडला.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. छापलेल्या शब्दावर माझा विश्वास होता. मला वाटलं, कोर्टात पंचनामा वाचला की कुणीतरी म्हणेल, थांबा, हे या घराचं वर्णन नाही. आमच्या वकिलांनी तो मुद्दा एका वाक्यात मांडला आणि सोडून दिला. निकालपत्रात त्याच्यासाठी दोन शब्द होते. किरकोळ विसंगती.

दोन वर्षांची शिक्षा झाली. सत्र न्यायालयात अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली, सुमेध जामिनावर बाहेर आला. कारखान्याने गेटवरूनच परत पाठवलं. मग तो सावनेरहून भाजीची गाडी आणायला लागला. एकदा जेवताना हसत म्हणाला, "ताई, लोकं लय मजेदार आहेत वं. चहावाला विचारून राहिला, भाऊ, एखादा कट्टा आपल्यालेबी मिळवून दे ना."

आई उठून आत गेली. तो हसतच राहिला. घास मात्र तसाच हातात.

पुढे त्याच सावनेरच्या रस्त्यावर ट्रकने त्याची गाडी उडवली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी आल्या. मथळा होता, 'कट्टा प्रकरणातील दोषीचा अपघाती मृत्यू'. सुमेधचं नाव खाली, बारीक अक्षरात. शेजारच्या मुलाने पेपर लपवला होता. पण आईपर्यंत बातमी गेलीच. तिला वाचता येत नाही. तिने मला वाचायला लावलं. मी वाचलं.

"मेल्यावरबी त्याले तसंच म्हणतीन का वं?" तिने विचारलं.

मी पेपरची घडी घातली. 

सुमेधच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी सदर भागातल्या आमच्या वकिलांच्या ऑफिसात गेले. अंगावर पांढरीच साडी होती. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "वाईट झालं मॅडम. पण एक बघा, आता तारखा संपल्या. आरोपी गेला की अपीलही जातं."

"आणि शिक्षा?"

"ती कोण भोगणार आता?"

"दोषी हा शब्द?"

 ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "तरतूद आहे तशी. जवळच्या नातलगाने महिन्याच्या आत अर्ज केला, तर अपील पुढे चालवता येतं. बहीण चालते. पण कोणी करत नाही हो. मेलेल्या माणसाला सोडवून काय करायचं?"

"मी करते."

"करा. पण ते देव्हाऱ्याचं नको. वरच्या कोर्टात उगाच वाटतं, जात मध्ये आणली. झडतीचा पंच साक्षीत फितूर झाला, त्यावर लढू."

जात मध्ये आणली. आम्ही. ज्यांच्या घरात दुसऱ्याचे देव लिहून माझ्या भावाला दोषी ठरवलं, ते आम्ही.

आयुष्यात मी कधी मोठ्या आवाजात बोलले नाही. तेव्हाही नाही. मी म्हणाले, "साहेब, तोच मुद्दा पहिला राहील. नाहीतर वकीलपत्र सोडा."

"रागात निर्णय घेऊ नका."

"मी शांत आहे."

चहा आला होता. मी घेतला नाही.

दुसरा वकील अजून मिळालेला नाही. दोघांनी नाही म्हटलं, एकाने विचार करतो म्हटलं. मुदत संपायच्या आत अर्ज मी माझ्या हाताने दाखल करणार आहे. वकील मिळाला तर त्याच्यासोबत, नाही मिळाला तर एकटी उभी राहीन. मला बोलायची सवय नाही. अडखळेन. हरेनही कदाचित. सुमेध परत येणार नाही, आईच्या घशाखाली घास नीट उतरणार नाही, हे मला माहीत आहे. निकाल लागल्याने यातलं काही बदलणार नाही.

पण माझा भाऊ निर्दोष होता. हे कोर्टाला लिहावं लागेल. लिहायचं नसेल तर का नाही, ते माझ्या तोंडावर सांगावं लागेल. तोपर्यंत मी तिथून हलणार नाही.