आमच्या लोकसभेतलं खोट्या साक्षीचं बिल

दिल्लीच्या लोकसभेत फौजदारी कायद्याच्या दुरुस्तीवर वादविवाद चालले होते, त्या वर्षी मी बदलापूर गावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. घरी ते, मी आणि सासूबाई.

गावच्या वाचनालयात मुंबईचं वर्तमानपत्र दुपारी यायचं. ते आधी वकीलसाहेबांच्या हातात पडायचं, कारण वाचनालयाचे चिटणीस तेच. तालुक्याच्या कोर्टात आरोपींच्या बाजूने उभं राहणं हा त्यांचा व्यवसाय आणि मोठ्याने वाचणं हा छंद. दिल्लीतली भाषणं ते अशी वाचत, की बाहेर ओट्यावर बसलेल्यांना वाटावं, गृहमंत्री आतच आहेत. नव्या बिलात एक कलम होतं : साक्षीदार उघड खोटं बोलला, तर वेगळा खटला वगैरे भानगड न करता त्याच कोर्टाने त्याला तिथल्या तिथे शिक्षा द्यावी. हे कलम वाचताना वकीलसाहेबांचा आवाज भरून यायचा.

एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आपणही लोकसभा भरवायची. हेच बिल मांडायचं. लोकांना कायदा कळला पाहिजे."

गृहमंत्री ते स्वतः झाले. पंतप्रधान व्हायला इतके जण तयार झाले की शेवटी पंतप्रधान परदेश दौऱ्यावर आहेत असं ठरवावं लागलं. सभापती कोण, यावरून भांडण पेटलं, आणि दोन्ही बाजूंना मी नको असले तरी दुसऱ्या बाजूचा माणूस त्याहून नको होता, म्हणून मी सभापती झाले.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे पुरुषांच्यात बसायचं?"

"नाही," मी म्हटलं, "त्यांच्या समोर, उंच खुर्चीवर."

"मग बस," त्या म्हणाल्या. "पण पदर नीट घे."

विरोधी पक्षाचा पुढारी मात्र कुणी होईना. देशाला स्वातंत्र्य मिळून फार काळ झाला नव्हता. आपल्याच सरकारविरुद्ध बोलायचं कसं, हे अजून लोकांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. अखेर हॉटेलवाले काका तयार झाले. विरोधी बाक खिडकीपाशी होतं, तिथे वारा येतो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

या काकांबद्दल सांगायला हवं. दारूबंदीचे दिवस होते. बारवीकडच्या डोंगरात पाड्यांवर चोरून भट्ट्या लागत, पोलीस धाड घालत, आणि धाडीला पंच लागत. पंच म्हणजे 'हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं' असं कोर्टात सांगणारा प्रतिष्ठित गावकरी. प्रतिष्ठित गावकरी डोंगर चढायला तयार नसत. काकांचं चहाचं हॉटेल चौकीच्या अगदी समोर, त्यामुळे प्रतिष्ठा त्यांच्याकडे आपोआप चालत आली. ते चांगले लठ्ठ होते. भट्टी डोंगरात सापडायची आणि पंचनाम्यावर काकांची सही गल्ल्यावर बसून व्हायची. चौकीचे जमादार सांगायचे तसं ते कोर्टात बोलत. कधी अमावास्येला चांदणं पडल्याचं सांगून जात, मग वकीलसाहेब त्यांना धरत आणि आरोपी सुटे. कधी पाठ चोख असे, मग आरोपी आत जाई. दोघांचं वर्षानुवर्षं असं चाललं होतं, आणि कोर्टातून येताना दोघं एकाच टांग्यातून येत.

लोकसभेच्या दिवशी वाचनालय तुडुंब भरलं. बायका एका बाजूला सतरंजीवर. त्यांत काकूही होत्या, म्हणजे काकांची बायको. दाराशी जमादार गणवेशात उभे. उल्हासनगरच्या कँपातून कापडाचे तागे घेऊन येणारे एक सिंधी शेठजी त्या दिवशी गावात होते, त्यांनाही अपक्ष सभासद करून घेतलं. मी शाळेची घंटा टेबलावर ठेवून बसले.

गृहमंत्र्यांनी बिल फार सुंदर मांडलं. खोटी साक्ष ही न्यायाच्या दुधात पडलेली पाल आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग काका उठले.

"अध्यक्ष महाराज," ते मला म्हणाले, आणि बायकांत खसखस पिकली. "ह्ये बिल गरिबाच्या मुळावर हाय. खोट्या साक्षीदाराला जागच्या जागी आत टाकलात, तर उद्यापासनं साक्षीला येनार कोन? मी तर नाय येनार."

सभागृह हसत सुटलं. गृहमंत्री ताडकन उठले. "सन्माननीय सभासदांनी आजवर खोटी साक्ष दिली आहे, असं समजायचं का?"

"मी जन्मात खोटा बोललो नाय," काका म्हणाले. "जमादार सांगतात त्येच मी सांगतो. खोटा असल तर त्यांचा."

जमादार दारातून पुढे आले. "अहो, काय बोलताय?"

मी घंटा वाजवली. "प्रेक्षकांनी मध्ये बोलू नये."

"बाई, मी गणवेशात आहे."

"मग गणवेशात गप्प बसा," मी म्हटलं. एरवी ते समोरून आले की मी रस्त्याची बाजू बदलायची. खुर्ची उंच असली की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

आता खरं तर गृहमंत्र्यांनी पोलिसांची बाजू घ्यायला हवी होती. पण वकीलसाहेबांच्या अंगातला गृहमंत्री केव्हाच उतरला होता. त्यांनी उपरण्याला काळ्या कोटासारखा झटका दिला आणि काकांच्या बाकासमोर जाऊन उभे राहिले.

"खरवईच्या आंब्याखाली मडकी सापडली, तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"त्या दिशी? नाय बा. सोनिवलीला भाचीचं लगीन व्हतं."

"कोर्टात तर म्हणालात, मडकी मोजून पाहिली!"

"मोजली व्हती जमादारांनी."

"माझा अशील आत गेला त्यात!" वकीलसाहेब ओरडले. "बघा, बघा! तुमचे पोलीस बघा!"

"पोलीस तुमचेच, गृहमंत्री तुमी!" विरोधी बाकांवरून कुणीतरी म्हणालं, आणि लगेच सगळी खिडकीकडची बाजू ओरडू लागली, "गृहमंत्र्यांनी राजीनामा द्यावा!" सत्ताधारी पक्षातलेही दोघे त्यात सामील झाले. मी घंटा इतकी बडवली की तिचा लोलक निसटून शेठजींच्या ताग्यावर पडला.

लोलक परत देताना शेठजी म्हणाले, "अध्यक्ष साहिबा, एक बात पूछूं? ये बिल पास होगा तो मुकदमा जल्दी होगा? मेरा केस कराचीत चालू होता. मुलुक गया, घर गया, तारीख अजून गेली नाही."

या एका भाषणाने राजीनाम्याच्या घोषणा थांबल्या. त्याचा फायदा घेऊन मी मत द्यायला सांगितलं. हात वर झाले. दोन्ही बाजू अगदी सारख्या भरल्या. शेठजींनी हात वर केलाच नाही. "व्यापारी आदमी हूं," ते म्हणाले, "दोन्ही बाजूला गिऱ्हाईक आहे."

म्हणजे निर्णय माझ्याकडे आला.

जमादार दारातून काकांकडे बघत शांतपणे म्हणाले, "पास होऊ दे बिल. मग बघतो याच्याकडे."

काकांचा चेहरा पडला. ते माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच विचारू लागले, "बाई, ह्ये खरा का लुटुपुटीचा?"

मी उत्तर देणार, तोवर काकू सतरंजीवरून उठल्या. "बाई, तुमच्या पाया पडते, मत देऊ नका. मानूस अडाणी हाय. त्याला चौकीवाल्यांनी चहाच्या गिऱ्हाइकीच्या आशेवर बसवलाय." मग वळून नवऱ्याला म्हणाल्या, "आन तुमी! म्हना, आता परत बघितल्याबिगर सही करनार नाय!"

"नाय करनार," काका म्हणाले.

"आयची शपथ?"

"आयची शपथ."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वर्तमानपत्रातला एक शब्द आठवला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठवण्यात येत आहे."

सिलेक्ट कमिटी म्हणजे चार सभासदांनी बिल बाजूला नेऊन सावकाश तपासायचं, हे वकीलसाहेब सोडून तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कुणालाच विरोध करता येईना. वकीलसाहेब काहीतरी बोलत होते, पण तेवढ्यात काकांनी सगळ्या सभागृहाला चहा सांगितला.

दिल्लीतलं बिल पुढे पास झालं. पण आमच्याकडे त्याआधीच घोटाळा सुरू झाला होता. जमादार पंचनामा घेऊन हॉटेलात आले की काका म्हणत, "चला, दाखवा भट्टी कुठं हाय." आईची शपथ होती आणि पाठीशी काकू उभ्या होत्या. जमादारांना काकांच्या जागी दुसरा पंच मिळेना, कारण काकांचं भाषण साऱ्या गावाने ऐकलं होतं. मग दोघं निघत. काका दर वळणावर बसत, पाणी मागत, चपला झटकत. ते पाड्यावर पोचेपर्यंत खालून वर बातमी जाऊन भट्टी केव्हाच ओढ्यात बुडालेली असे. पाड्यावरची म्हातारी त्यांना बसायला घोंगडी टाकी आणि ताक देई. काका परत येऊन पंचनाम्यात लिहायला लावत, 'एक चूल, राख गरम, कोंबड्या, ताक चांगलं.' जमादार कपाळाला हात लावत.

पावसाळा संपता संपता मात्र काका बरेच हलके झाले होते. एकदा ते जमादारांच्याही पुढे पाड्यावर पोचले आणि भट्टी चालू असताना सापडली. खटला उभा राहिला. आरोपीच्या बाजूने अर्थात वकीलसाहेब.

शाळेला सुट्टी होती म्हणून मीही कोर्टात गेले होते. काका पिंजऱ्यात उभे राहिले आणि जे पाहिलं ते सांगितलं : वाट कुठली, झाड कुठलं, आरोपीच्या हातात काय होतं, स्वतः कुठे घसरून पडले. वकीलसाहेब उलटतपासणीला उठले. चष्मा पुसला. कागद वर केले, खाली केले. "चांदणं होतं?" त्यांनी विचारलं.

"दुपार व्हती, साहेब."

वकीलसाहेब खाली बसले. आरोपीला शिक्षा झाली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, तुमच्या बिलाचा केवढा परिणाम झाला बघा."

"बाई," ते चिडून म्हणाले, "माणूस खोटं बोलत होता तोवर मला काही विचारता तरी येत होतं! आता मी पोट कशावर भरू?"

आणि टांग्यात काका आधीच बसलेत हे पाहून ते तसेच पुढे गेले आणि घोड्यामागे, टांगेवाल्याच्या फळीवर, अंग चोरून बसले.