होळीपर्यंतची लढाई

एकाहत्तर साली मी गिरणीत बदली कामगार होतो. म्हणजे रोज सकाळी गेटसमोर उभं राहायचं; कायम कामगारांतला कुणी आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हाक मारणार, नाहीतर डबा घेऊन घरी परत. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या तापावर आणि त्यांच्या घरच्या लग्नांवर जगलो. त्या उन्हाळ्यात लष्कराच्या हिरव्या कापडाची मोठी ऑर्डर आली आणि आम्हा सगळ्या बदलीवाल्यांना रोज आत घेऊ लागले. पुढच्या होळीपर्यंत हजेरी सलग राहिली तर तुला कायम करतील, असं जॉबरनं मला सांगितलं होतं.

पाळी सुटली की गेटसमोरच्या टपरीवर पाकिस्तानशी होऊ घातलेल्या लढाईची चर्चा रंगायची. मला पेपर वाचायचं वेड होतं आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

जॉबर म्हणायचा, "हे सारं दिल्लीचं काम हाय. लढाई जिंकली का मतं मिळतेत."

"अन् दिल्लीले नाचवते कोण?" मी त्याला तिथंच अडवायचो. "आपल्या मालकाले विचारा. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोकवाल्याइले विचारा. लढाई त्याइले पाह्यजे."

"पण तिकडं बंगालातून माणसं जीव मुठीत धरून पळून येऊन राह्यले, त्याइचं काय गा?"

"त्याइच्या नावावर तर गोदामं भरून राह्यले हे लोक."

मी ऐटीत दुसरा चहा मागवायचो.

घरी बहीण होती. तिचा नवरा शिपाई, पूर्वेकडच्या सरहद्दीवर, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली होती. तिला लिहिता येत नव्हतं. नवऱ्याला पत्र मी लिहायचो. त्यात मालक, मंत्री असं माझं शहाणपणही घुसडायचो. ती म्हणायची, "भाऊ, ते नको लिहू. स्वेटर पोचलं का, तेवढं विचार."

डिसेंबरात लढाई पेटली आणि दोन आठवड्यांत संपलीसुद्धा. संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर बातमी ऐकून ती धावत आली. आधी डब्यातून मूठभर साखर काढली आणि मग माझ्यासमोर उभी राहिली.

"संपली, भाऊ."

"इतक्यात?" मी म्हणालो.

तिला कळलं नाही. "काहून?"

तेव्हा तरी गप्प बसायचं. पण मी खरं तेच बोललो. "होळीपर्यंत तरी चालाले पाह्यजे होती वं. हजेरी तुटते माही."

मग तिनं मुठीतली साखर परत डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

लष्कराची ऑर्डर आटली आणि महिन्याभरात मी पुन्हा गेटबाहेर होतो. टपरीवर जॉबरनं विचारलं, "बोल गा, कोणाले पाह्यजे होती लढाई?" त्याला खरंच माझं मत हवं होतं. मी डबा उचलून घरी आलो. बहीण ओट्यावर बसली होती आणि शेजारची मुलगी तिचं पत्र लिहीत होती. त्यानंतर तिनं मला एकही पत्र लिहायला सांगितलं नाही.

लढाया पुढंही होत राहिल्या. त्या कुणाला हव्या असतात, हे लोक अजून विचारतात. मालकाला, मंत्र्याला, इथवर मी सांगतो. त्यापुढं माझ्यानं बोलवत नाही.

लढाईनंतरचा जानेवारी सरता सरता बहिणीचा नवरा रजेवर आला, धडधाकट. पहाटे मी डबा घेऊन निघालो तेव्हा तो अंगणात उभा होता. माझं काम सुटल्याचं त्याला पत्रातून कळलं होतं. त्या संध्याकाळचं माझं बोलणं मात्र तिनं कळवलं नव्हतं. त्यानं अंगातलं स्वेटर काढून माझ्या हातात दिलं.

"घाला. गेटवर थंडी वाजत असन तुमाले."

बहीण दारात उभी होती. मी ते घालीपर्यंत ती तिथून हलली नाही.