विहिरीवरचा फणस आणि पक्की नोकरी

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि मी अलिबागेत एका वकिलांकडे कच्चा कारकून होतो. कच्चा म्हणजे कधीही घरी पाठवता येईल असा. रेवदंड्याच्या एका मुलीचे वडील मला बघून एवढंच म्हणाले होते, "नोकरी पक्की झाली की कळवा."

साहेबांचे खटल्यांचे कागद लाल फडक्यांत बांधून कपाटात रचलेले. वर काही लिहिलेलं नसे. साहेबांनी मला सांगितलं, गठ्ठ्यांना अशी नावं दे की मागितला की हाती आला पाहिजे. जमलं तर पक्का, नाहीतर रेवसहून मुंबईची बोट आहेच.

आधी आडनावांनी लावले. पण आमच्याकडे अख्ख्या गावाचं आडनाव एक. अर्धं कपाट एकाच अक्षराखाली गेलं. मग आकडे घातले. तर एक कोळीण दारात टोपली उतरवून म्हणाली, "आकडा मला ठावं न्हाय. विहिरीवर फणस हाय ना, तो कागद काढ."

दुपारी साहेब आडवे होत. खारा वारा आत येई, माडाची सावली लाल फडक्यांवरून हलत राही आणि माझे डोळे मिटत. त्या गुंगीत एकेक खटला मला दिसू लागला. जागा होऊन मी चिठ्ठ्या लिहिल्या: 'विहिरीवरचा फणस', 'सरकलेला बांध', 'दोन भाऊ, एक माड'. समुद्राकडचे खटले कपाटात खिडकीच्या बाजूला ठेवले, डोंगराकडचे भिंतीच्या. स्वतःवर फारच खूश होतो.

पुढे मी तापानं घरी पडलो असताना साहेब टांगा करून माझ्या खोलीवर आले. कोर्टाची वेळ होत आली होती.

"'दोन भाऊ, एक माड' तीन आहेत. आजचा कुठला?"

भावांची भांडणं एवढी असतील हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. संपलं, मनात म्हटलं. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे कपाट आलं; वारा आला, सावली हलली.

"खिडकीकडून दुसरा. त्याच्यावर ऊन येतं."

तोच निघाला. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: याला काढलं तर कपाट जाळावं लागेल, तेव्हा पक्का.

मी रेवदंड्याला कळवलं. कारण कळवलं नाही.

लग्नानंतर एका रविवारी मी हौसेनं स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. बायकोनं शांतपणे माझ्या हातातली खळ काढून घेतली.

"इथं मी पक्की आहे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर वाऱ्यावर बसा."