नाव खोडणारे बडेबाबू

बडेबाबू कुठलाही कागद खालून वर वाचायचे. आधी सही, मग तारीख, मग मजकूर. आणि मजकुराची पाळी येण्याआधीच बऱ्याचदा कागद परत गेलेला असायचा. आमच्या कॉलेजचे ते कार्यालय अधीक्षक. दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलेलं होतं, पण निजामाच्या काळापासून आमच्याकडं हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात, त्यामुळं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते बडेबाबूच. एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, तुम्ही उलटं का वाचता?" चष्म्यावरून बघत म्हणाले, "मजकूर तर समदेच चांगला लिव्हतेत मॅडम. त्याच्या पाठीशी कोण उभं हाय, ते आधी बघावं लागतं."

माझ्या पाठीशी तेव्हा कुणीच उभं नव्हतं. मी तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यापुरती. एप्रिल आला की नेमणूक संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. तरी डोक्यात एक खूळ शिरलं होतं. गुणवंत विद्यार्थी मंडळ काढायचं! हुशार मुलांचं कौतुक म्हणजे आमच्याकडं वर्षातून एकदा नारळ आणि शाल, की झालं. मला वाटायचं, वर्गात वरच्या नंबरानं आलेल्या मुलांना मानानं मंडळात घ्यावं, त्यांच्या छातीवर बिल्ला लागावा, आणि त्या बदल्यात त्यांनी आठवड्याला दोन तास मागं पडलेल्या मुलांना शिकवावं. प्राचार्यांना सांगितलं. ते गाडीत बसता बसता म्हणाले, "उत्तम! करा, करा." मला तेवढं पुरलं. माझे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

बडेबाबूंना मोठ्या तोऱ्यात ही बातमी दिली, तर म्हणाले, "साहेब म्हणले, ते ठीकंय. पण ते कागदावर कुठंय?" माझं डोकंच फिरलं. चांगल्या कामात खोडा घालणारा माणूस, असा शिक्का मी त्यांच्यावर मारून टाकला आणि त्यांना न विचारता पहिल्या कार्यक्रमाची तारीख ठरवली.

त्या सकाळी सभागृहाला हे भलंमोठं कुलूप. प्राचार्य पुण्याला गेलेले. शिपाई किल्ली द्यायला तयार नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इस्त्रीचे कपडे घालून आलेली अकरा मुलं व्हरांड्यात ताटकळत उभी. एका मुलीचे वडील फर्दापूरहून पहिल्या एसटीनं आलेले. लेणी बघायला येणाऱ्यांना जेवण देणारं त्यांचं छोटंसं हॉटेल आहे, ते लेकीसाठी त्या दिवशी बंद ठेवलेलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात ऑफिसातून बडेबाबू आले. काही विचारलं नाही, काही बोलून दाखवलं नाही. "आत या समदे," एवढंच म्हणाले. ऑफिसातली टेबलं त्यांनी भिंतीला सारली, फर्दापूरच्या वडिलांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाले, "करा सुरू." फायलींच्या कपाटांपुढं मुलांनी मंडळाची शपथ घेतली. ते वडील संकोचून सारखे खुर्चीतून उठत होते आणि बडेबाबू त्यांना खांदा दाबून सारखे खाली बसवत होते.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. त्यांना माफीत काडीचा रस नव्हता. "बसा. आता टिपणी करू." टिपणी म्हणजे मंजुरीसाठी वर पाठवायचा कागद. पण त्याच्या आधी त्यांनी मला पंधरा दिवस टेबलाटेबलाला फिरवलं. परीक्षा विभागातल्या क्लार्कला विचारा, गुणांची यादी कधी द्यायला जमेल. ग्रंथपालबाईंना विचारा, मागची खोली कुठल्या वारी रिकामी असते. शिपायाला विचारा, संध्याकाळी कुलूप कोण लावणार. मी म्हटलं, "अहो, प्राचार्यांनी हुकूम काढला की करतीलच ना सगळे?"

"करतेत की. अन् दुसऱ्या वर्षी इसरतेत. ज्याला आधी इचारलं ते माणूस इसरत नाय."

आणि खरंच, एरवी खिडकीतून मुलांवर खेकसणारे परीक्षा विभागाचे ते क्लार्क एक दिवस मलाच शोधत स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, यादी टाइप करून देऊ का हातानं लिहिलेली चालंल?" मला हसू आवरेना.

मग मसुदा. माझी चार पानं बडेबाबूंनी एका पानात बसवली. ते मी गिळलं. पण 'समन्वयक' या शब्दापुढं माझं नाव होतं, त्यावर त्यांनी लाल शाईची रेघ ओढली आणि लिहिलं : 'प्राचार्यांनी दरवर्षी नेमलेले एक शिक्षक; साहाय्य : कार्यालय अधीक्षक.' खाली 'संकल्पना' म्हणून पुन्हा माझं नाव होतं. तेही खोडलं.

मी भडकलेच. "काम माझं, आणि माझंच नाव नाही?"

"नाय."

"का पण?"

"नाव घातलं तर मंडळ तुमचं व्हतंय. पद घातलं तर कॉलेजचं व्हतंय." मग आवाज उतरवून म्हणाले, "अन् तुमची आर्डर एप्रिलपस्तोरच हाय, मॅडम. मीच टाइप केलीय."

मी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या तासाला गेले. आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. दरम्यान टिपणी कॉलेजच्या विकास समितीपुढं गेली आणि मंजूरही झाली.

जूनच्या मुलाखतीत माझी निवड झाली नाही. अनुभवाचा दाखला घ्यायला गेले, तर बडेबाबूंनी तो तयारच ठेवला होता. हाच माणूस एरवी दाखल्यासाठी लोकांना तीन-तीन खेपा घालायला लावायचा. कामाच्या वेळेत खुर्ची न सोडणारे बडेबाबू त्या दिवशी माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. मी जळजळून म्हणाले, "सांभाळा आता तुमचं मंडळ."

"सांभाळतो की. तुम्ही सवताला सांभाळा. लई तापता." आणि रिक्षा थांबवून रिक्षावाल्याला बजावलं, "मॅडम को चिकलठाणा छोडो. आराम से ले जाव, खड्डे देख के."

चिकलठाण्यातच, माझ्या घराजवळच्या एका कारखान्यात मला नव्या कामगारांना शिकवायची नोकरी मिळाली, आणि मी त्या कॉलेजच्या रस्त्यानं जाणं टाकलं. बडेबाबू निवृत्त झाले तेही मला उशिरा कळलं. मागल्या हिवाळ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला, की बडेबाबू गेले. मी त्यांच्यावर रुसले होते, हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आणि रुसवा कधीचाच गेला होता, हेही सांगायचं राहून गेलं. याची फार चुटपुट लागली.

परवा शेजारची सायली उड्या मारत आली. ती त्याच कॉलेजात शिकते. "काकू, मला गुणवंत मंडळात घेतलं! तुम्हाला माहितीये का, ते काय असतं?"

"नाही गं," मी म्हटलं. "सांग बघू."

तिनं सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. तिच्या वाट्याला आलेल्या दोन पोरांना गणित कसं येत नाही, तेही. मी धीर करून विचारलं, "हे सुरू कुणी केलं गं?"

"सुरू?" ती गोंधळली. "ते आहेच की काकू, पहिल्यापासून."

मी तिला जवळ ओढलं आणि मला रडूच फुटलं. ती बिचारी घाबरून "काकू, काय झालं? काय झालं?" करत राहिली. बडेबाबू असते तर मी तशीच, पायात चपलाही न घालता त्यांच्या घरी गेले असते.